दूतावासाच्या दारातली ओटी

नांदुरा स्टेशनवर गाडी दोन मिनिटं थांबते. त्यातलं दीड मिनिट आईने मला पिशवी घ्यायला लावण्यात घालवलं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. मी दिल्लीत पत्रकारिता शिकते, आणि परतल्या परतल्या एका परदेशी दूतावासातल्या अधिकारी बाईंची मुलाखत घ्यायची होती, कॉलेजची असाइनमेंट म्हणून. हे मी जेवताना घरी सांगितलं, ती माझी चूक. बाबा शाळेत क्लार्क. त्यांनी ‘दूतावास’ हा शब्द गल्लीतल्या तीन घरी पोचवला. आईने फक्त विचारलं, बाई तिथं एकटी राहते का.

पिशवीत नारळ, तांदूळ, हिरवा खण आणि कागदाच्या पुड्यांत हळदकुंकू होतं.

“आई, थे हापिस आहे,” मी डब्याच्या दारातून म्हणाले.

“हापिसात बाईच बसते ना? माहेर सोडून इतक्या लांब आली. तिची ओटी कोन भरते तिथं?” गाडी हलली तशी ती सोबत चार पावलं चालली. “तुह्यं लगन नाही झालं, तू भरू नको. नुसतं हातात देजो. माझ्याकडून म्हणून सांगजो.”

मुलाखतीच्या दिवशी माझ्यासोबत रिया होती, असाइनमेंटमधली माझी जोडीदार, जन्मापासून दिल्लीची. मेट्रोत ती प्रश्न पाठ करत होती आणि मी मांडीवरच्या पिशवीवर ओढणी सारत होते. पण द्यायचा विचार पक्का होता. रिया जरा इकडेतिकडे झाली की देऊन टाकायची, असं ठरवलं होतं.

दूतावासाच्या फाटकावर सामान तपासायचं यंत्र होतं. माझी लॅपटॉपची बॅग बाहेर आली, पिशवी आली नाही. पट्टा थांबला. पडद्यासमोरच्या गार्डने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. एक गोल, भरीव वस्तू आणि सोबत भुकटीच्या पुड्या. मला हे आधी सुचायला हवं होतं, पण आमच्याकडे हे सामान पाहून आजवर कोणी मागे सरकलं नव्हतं.

“ये झोला किसका है?” त्याने आवाज चढवून विचारलं.

मी तोंड उघडलं ते ‘मेरा’ म्हणायलाच. निघालं ते, “मेरा नहीं है.”

त्याने अख्ख्या रांगेला विचारलं होतं. उत्तर मी एकटीनेच दिलं. इतकं सफाईदार खोटं, माझ्याच आवाजात, आणि तेही आईच्या पिशवीबद्दल.

बेवारस पिशवी सापडली की काय होतं, ते पुढच्या अर्ध्या तासात पाहिलं. रांग रस्त्यापलीकडे हटवली, फाटक बंद झालं, कुत्रा आणला. व्हिसासाठी आलेले एक म्हातारे गृहस्थ फाइल छातीशी धरून सारखे म्हणत होते, “मेरा टाइम निकल जाएगा.” अजूनही खरं सांगता आलं असतं. पण दर मिनिटाला ते जास्त अवघड होत गेलं. रिया माझ्याकडे पाहत होती. त्या पिशवीचा विषय तिने आजवर काढलेला नाही.

शेवटी हातमोजे घातलेल्या एकाने एकेक वस्तू काढून फुटपाथवर मांडली. कुंकवाची पुडी फुटली आणि त्याची बोटं लाल झाली. “पूजा का सामान है,” तो म्हणाला. रांग हसली. मीही हसले. मग सगळं कचऱ्याच्या ड्रममध्ये गेलं, खणसुद्धा.

मुलाखत झाली. बाई चांगल्या होत्या. उशीर झाला म्हणून त्यांनीच माझी माफी मागितली. गाव विचारलं, तर मी “मुंबईजवळ” म्हणाले. नांदुऱ्याहून मुंबईला जायला अख्खा दिवस मोडतो. घरापासून लांब राहताना काय जड जातं, हा माझा प्रश्न होता. त्या म्हणाल्या, रोज इतके लोक समोर येऊन बसतात, पण तुमची आई कुठे असते, असं कोणी विचारत नाही. मी ते वाक्य लिहून घेतलं. त्याच वाक्यावर कॉलेजात सरांनी शाबासकी दिली.

संध्याकाळी आईचा फोन आला. “बाईले देल्लं का?”

“देल्लं. लय आवडलं तिले.”

ती म्हणाली, “बरं झालं बाई. मले वाटलं, तुले लाज वाटीन. तुह्या बाबाले म्हटलं बी मी तसं. पण म्हटलं, देऊन तं पाहू.”

मी कधी बदलले ते मला माहीत नव्हतं, आणि तिला नांदुऱ्यात बसून माहीत होतं. तेव्हा खरं सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून आता लिहिते आहे. आई, मी दिलं नाही. ती पिशवी माझी नाही, असं मी सांगितलं.

गाव सोडून आलेले आम्ही एकमेकांना विचारतो, घरची आठवण येते का. मला आता आठवणीपेक्षा घराची भीतीच जास्त वाटते. माझी लाज माझ्याआधी ओळखून ज्यांनी तरीही पिशवी भरून दिली, ते माझं घर.