डॉक्टरांची सही

मानसिक आरोग्याच्या गाडीतून गावोगाव फिरलं की किस्से आपोआप साठतात. मी या टीमची नर्स. आमचे सायकियाट्रिस्ट पुण्याचे, शिस्तीचे. मोर्चाचं नाव काढलं की त्यांचा चेहराच उतरायचा.

*

बाभुळगावच्या कॅम्पात संगीताताई आल्या. दारूविरुद्ध बायांना घेऊन लढणाऱ्या. म्हणाल्या, "साहेब, नवरे पिऊन मारतात म्हणून बायाइले झोप नाही. आमच्यासंगं ठिय्याले बसा."

"ताई, मी आजार बघतो. आंदोलन हे तुमचं खातं."

"अन् आजार कायच्यानं झाला, ते कोणाचं खातं?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.

*

वणीला एक ट्रक ड्रायव्हर आला. डॉक्टर म्हणाले, "आठ तास झोप पाहिजे."

"हे मालकाच्या नावानं लिहून द्या ना साहेब. मले सांगून काय उपयोग?"

"चिठ्ठी पेशंटच्याच नावानं असते."

तो हसला अन् चिठ्ठी खिशात घालून गेला.

*

मग महागावकडच्या एका केंद्रात गोळ्या संपल्या. तिथली वनिता पूर्वी तान्हं लेकरू टाकून तीन दिवस रानात भटकली होती. गोळ्यांवर दोन वर्षं छान संसार करून राह्यली होती. आता तिच्याजवळ आठ दिवसांच्याच उरल्या.

डॉक्टरांनी वर तीन पत्रं पाठवली. उत्तर नाही. संगीताताईंनी गोळ्यांच्या मागणीचं निवेदन पुढं केलं. "सरकारी माणूस यावर सही करत नाही," डॉक्टर म्हणाले.

वनिताची आई मलाच विचारत होती, "बाई, ते पुन्हा उठून गेली तं?" मला डॉक्टरांचा राग आला. खरंच आला.

*

दहाव्या दिवशी औषधांचा साठा पाहणाऱ्या कार्यालयापुढं ठिय्या बसला. तोच आमचा ओपीडीचा वार. डॉक्टरांनी गाडी सरळ मांडवाशी थांबवली.

"आले शेवटी आमच्यात," संगीताताई म्हणाल्या.

"धरण्याला नाही आलो. माझे पेशंट इथं बसलेत, म्हणून ओपीडी इथं."

टेबल लागलं. पहिला नंबर वनिताचा. दोन रात्री झोप नाही. आईनं तिचा पदर घट्ट धरला होता. डॉक्टरांनी तीच गोळी लिहिली.

आईनं विचारलं, "हे कुठं भेटंल?"

"आत. इथल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर. सगळ्यांनी रांगेनं जायचं."

"अन् नाही म्हटलं तं?"

"तर चिठ्ठीवरच 'नाही' असं लिहून आणा. त्यांच्या सहीसकट."