गाठ दुखत नाही म्हणून

कॅन्सरच्या डॉक्टरकडे किस्से साठतच जातात, कारण ते कुणाला ऐकायचेच नसतात. लग्नाच्या पंगतीत मी तोंड उघडलं की शेजारचा लगेच वाढप्याला हाक मारतो! बारामतीत माझी ओपीडी आहे, दर गुरुवारी इंदापूरला जाते. आज डोकं फिरलंय, तेव्हा ऐकाच.

*

सणसरचा एक बागायतदार बायकोला घेऊन आला. तिच्या छातीत लिंबाएवढी गाठ.

मी बाईंना विचारलं, "दुखते का?"

नवरा म्हणाला, "न्हाय."

"कधीपासून आहे?"

नवराच म्हणाला, "मला तर कालच कळलं."

तेव्हा कुठं बाई बोलल्या, "दिवाळीत सांगितलं व्हतं की!"

"दुखत न्हाय म्हणलीस, मग म्हणलं ऊस तुटू दे."

रिपोर्ट मोबाईलमध्ये होते. ते शोधताना उसाच्या पानांचेच फोटो निघाले. पानांवर तांबेरा रोग दिसला त्याच दिवशी ते फोटो शेती सल्लागाराला गेले होते! मी फोन टेबलावर आपटला. फोन त्याचा होता.

*

एका गावात महिलांचं तपासणी शिबिर होतं. भाषणं संपेपर्यंत निम्म्या बायका एसटी गाठायला निघून गेल्या. सत्कार चौदा, तपासण्या नऊ!

संयोजक खूश. "मॅडम, पुढच्या वर्षी स्टेज अजून मोठं करू!"

*

एका आबांचं वजन कीमोत भराभर उतरत होतं. मुलानं मोबाईलवर वाचून त्यांना नुसत्या गव्हांकुराच्या रसावर ठेवलं होतं. मुलगा बाहेर गेल्यावर आबा हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, चिठ्ठीवर भाकरी लिवून द्या."

दिली लिहून! दिवसातून तीनदा, कालवणासोबत.

*

निमगाव केतकीच्या शालनताई मात्र वेळेत आल्या होत्या. गाठ लहान होती, बरी होण्यासारखी. सुई घालून तपासायची तारीख दिली, त्या आल्याच नाहीत. आठ महिन्यांनी आल्या तेव्हा आजार हाडांत गेला होता.

त्यांचे मालक, तात्या, मान खाली घालून म्हणाले, "झाडपाल्याच्या पुड्या देणाऱ्या आण्णांकडं गेलतो. त्ये म्हणलं, दुखत न्हाय म्हंजे साधी गाठ. सुई टोचली की पसरतंय."

मी ओरडले. त्या माणसावर ओरडायचं होतं, ओरडले या दोघांवर. आजही त्याची लाज वाटते.

शालनताई म्हणाल्या, "वरडा मॅडम, पर औषध चालू करा. पोरगी बारावीला हाय."

औषध चालू केलं. पण आता ते आजार थोपवण्यापुरतंच.

*

गेल्या गुरुवारी तात्या एकटेच आले होते. शालनताईंना आता प्रवास झेपत नाही. दुखण्याच्या गोळ्या मी त्यांना समजावून सांगत होते, तोच पुढच्या नंबरचा माणूस आत घुसला. पांढरे कपडे, कपाळाला गंध, सोबत बायको.

"मॅडम, हिच्या छातीत गाठ हाय. वाटाण्याएवढी. आठ दिवस झालं."

मी बाईंना विचारलं, "दुखते का?"

त्यांनी मान हलवली.

"न्हाय, म्हणून तर पळत आलो," तो म्हणाला. "न दुखणारीच वाईट असती. काय सुई टोचायची ती आजच टोचा, उशीर नको."

तात्या गोळ्यांची पिशवी घेऊन उठले. त्या माणसाकडे बघतच राहिले.

"आण्णा," ते म्हणाले, "पुड्या संपल्या व्हय?"