बाळूच्या डोक्यावरचे पिवळे डाग

"मॅडम, हा ड्वार्फ आहे. मोठा होतच नाही. तेवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या, बस."

असं म्हणत नितीन गावडेने माझ्या तपासणीच्या टेबलावर फ्रोझन भाज्या आणायची चेनवाली पिशवी ठेवली. पिशवी हलली. मी मागे सरकले.

"घाबरू नका, एकदम शांत आहे," तो म्हणाला. त्याचा स्वतःचा एक हात मात्र दाराच्या मुठीवर होता.

मी जनावरांची डॉक्टर. सिंगापुरात, बुकित पंजांगला, एलआरटी रेल्वेच्या रुळांना लागून आमचं छोटं क्लिनिक होतं. पेशंट म्हणजे कुत्री, मांजरं, ससे आणि खाऊन खाऊन गोल झालेले हॅमस्टर. मी तेव्हा छप्पन्नची होते, म्हणजे आपल्याला सगळं कळतं असं वाटण्याच्या ऐन वयात. नातवंडं अजून झाली नव्हती, त्यामुळे तोंडावर हसणारंही कुणी नव्हतं.

नितीन मालवणकडचा. मरीन इंजिनिअर, राहायला वुडलँड्सला. त्याच्या एका सहकाऱ्याने सिंगापूर सोडताना 'दोन आठवडे सांभाळ' म्हणून काचेची पेटी त्याच्याकडे ठेवली आणि मग फोन उचलणं बंद केलं. पेटीत अजगर. तो शिपयार्डमध्ये गेला की घरात त्याची आई आणि अजगर, दोघंच. काकूंनी त्याचं नाव बाळू ठेवलं. फ्रीझरमध्ये सुरमईच्या शेजारी त्याचे गोठवलेले उंदीर ठेवायलाही त्या शिकल्या. आत्ता त्या बाहेरच्या बाकावर, एका चाऊ चाऊ कुत्र्याशेजारी, अंग चोरून बसल्या होत्या.

मी चेन उघडली. आत जाळीदार नक्षीचा, मनगटाएवढा जाड, साधारण माझ्या उंचीचा अजगर वेटोळं घालून पडला होता. रेटिक्युलेटेड पायथन. जगातल्या सगळ्यात लांब सापांची ही जात. इंडोनेशियाच्या काही छोट्या बेटांवर मात्र हे साप आखूड राहतात. त्यांना ड्वार्फ म्हणतात, त्याहून लहान ते सुपर ड्वार्फ. पण विकणारे लोक त्यांचा मोठ्या जातीशी संकर करतात आणि पिल्लाला बिनदिक्कत ड्वार्फ म्हणूनच विकतात. शिवाय 'आखूड' म्हणजे तरी किती? नितीनपेक्षा लांब सहज. आणि लहान म्हणजे गरीब स्वभावाचा, असंही नाही. काही ड्वार्फ नुसती सावली पडली तरी झडप घालतात. स्वभाव ज्याचा त्याचा, आणि त्याला हाताळणाऱ्या माणसाचा.

दार उघडून मिसेस लिम आत डोकावल्या. क्लिनिकच्या मालकीणबाई.

"डॉक, व्हाय स्नेक इन माय क्लिनिक?"

"ड्वार्फ आहे म्हणतोय," मी इंग्रजीत सांगितलं.

"ड्वार्फ ऑल्सो स्नेक, वॉट!" आणि दार बंद.

सिंगापूरचा कायदा याहून सोप्या शब्दांत मला कुणी सांगितलेला नाही. इथे घरात साप पाळायला परवानगी नाही. जात छोटी की मोठी, चावतो की मांडीवर झोपतो, याची चौकशी कायदा करत नाही.

"नितीन, मी लिहून दिलं तरी त्याचा उपयोग नाही. उलट माझ्याच सहीने तू पकडला जाशील."

त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, माझा इथला वर्क पास गेला तर? घराचे हप्ते चालू आहेत गावी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिकडे मंडाई भागातल्या जंगलात सोडून येऊ का? आमच्याकडे साप निघाला की सर्पमित्र येतो, पकडतो, रानात सोडतो. पेपरात फोटो येतो त्याचा."

"इथे फोटो आला तर तो वेगळ्या पानावर येईल," मी म्हटलं. पाळलेलं जनावर जंगलात सोडणं हाही गुन्हाच. आणि आयता उंदीर खाणारा बाळू तिथे जगला असता की नाही, कोण जाणे. जगला असता तर पेटीतला एखादा आजार जंगलातल्या सापांना देऊन बसला असता. एकच सरळ मार्ग होता: आपणहून सरकारच्या प्राणी खात्याला कळवायचं.

"नुसतं पत्रच हवं होतं, तर त्याला सोबत आणलंस कशाला?"

"त्याच्या डोक्यावर काहीतरी उठलंय. आई रडायलाच लागली."

मी हातमोजे चढवले. डोक्यावर, खवल्यांच्या सांध्यांमध्ये, पिवळट खपली. कडेला थोडी लालसर झाक. सापांना बुरशीचा एक वाईट त्वचारोग होतो, त्यात अशा पिवळ्या-तपकिरी खपल्या धरतात. एका सेमिनारमध्ये मी त्याच्या स्लाइड्स नुकत्याच पाहिल्या होत्या. आणि नुकतंच शिकलेलं माणूस फार धोकादायक असतं.

"फंगल!" मी जाहीर केलं. टेबल पुसायला लावलं, नितीनला हात धुवायला पिटाळलं, मास्क लावला. चाऊ चाऊवाल्या बाईंना दूर बसवलं. एखाद्या साथीची सूत्रं हाती घ्यावीत असा माझा थाट होता. आणि त्याच थाटात, नितीनचा होकार घेऊन, खात्याला फोन लावला.

पलीकडची ऑफिसर समजूतदार होती. मालक आपणहून देतोय, हे तिला बरं वाटलं. परवाना असलेल्या एका संस्थेत, शाळेच्या मुलांना दाखवायला ठेवतात तिथे, एका सापाची जागा असल्याचंही ती म्हणाली.

"हेल्दी ऑर नॉट, डॉक?"

"फंगल इन्फेक्शन. जवळजवळ नक्की," मी ठणकावून सांगितलं.

"अय्यो. देन कॅनॉट, लाह." संसर्गाचा साप बाकीच्या सापांत कोण घेणार? आता इंजेक्शन देऊन त्याला संपवणं एवढाच रस्ता उरत होता. तुमचा लेखी रिपोर्ट पाठवा, म्हणाली.

मी फोन ठेवला. दारात काकू उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण माझा चेहरा वाचता येत होता.

"मारणार का हो त्याला?"

"काकू, बसा तुम्ही. अजून तपासणी व्हायची आहे," मी म्हटलं. ही तपासणी फोनच्या आधी करायची असते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं.

बुरशीची तपासणी साधी असते. खपली थोडी खरवडून काचपट्टीवर घ्यायची. तिच्यावर केओएचचा, म्हणजे एका तीव्र अल्कलीचा थेंब टाकायचा. त्याने कातडीचा भाग विरघळतो आणि बुरशीचे धागे असतील तर सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडतात.

मी थेंब टाकला. पिवळी खपली बघता बघता विटकरी लाल झाली.

बुरशी लाल होत नाही. मी दुसरी पट्टी केली. तीही लाल. सूक्ष्मदर्शकात डोळे घातले तर धागा एक नाही, नुसते पिवळे-लाल कण. मी मान वर केली आणि मला आमच्या शाळेतला प्रयोग आठवला. पांढऱ्या रुमालावर आमटी सांडली की साबण लावल्यावर डाग लाल होतो, तोच. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेही हेच. चाळीस वर्षं ज्या बाईने हळद वापरली, तिने हळदीला रोग ठरवलं होतं!

मी बाहेर जाऊन काकूंशेजारी बसले. "काकू, याला हळद लावलीत?"

त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं. मग पदराकडे.

"आई!" नितीन ओरडला. "झाकण उघडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"अरे, नागपंचमी होती! दरवर्षी पाटावर गंधाने नाग काढते. इथे साक्षात घरात बसलाय, तर पाटावर कशाला काढू? दुधात कालवून हळद लावली, वर कुंकू. नंतर तूच पुसलंस की ओल्या फडक्याने, काहीतरी सांडलंय म्हणून. मला वाटलं सगळी हळद गेली आणि हे नवीनच काही उठलंय."

"आणि चावला असता म्हणजे?"

"कशाला चावेल? गप्प बसून होता. तू मुंजीत जेवढा वळवळलास, त्याच्या निम्माही नाही हलला मेला."

मिसेस लिम काउंटरमागून विचारू लागल्या, काय झालं, काय झालं. मी सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चाऊ चाऊ भुंकायला लागला.

आता उरला फोन. आपलं निदान आपल्याच तोंडाने मागे घ्यायचं, तेही अर्ध्या तासात. फोन उद्यावर ढकलावा असं वाटत होतं, खोटं कशाला सांगू? पण काकू समोर बसून माझ्याकडे बघत होत्या, त्यामुळे पळायला जागा नव्हती.

"नॉट फंगल," मी म्हटलं. "टर्मरिक."

"टर्मरिक? लाइक करी?"

मी नागपंचमी समजावून सांगितली. नीट समजली असेल असं वाटत नाही. पण एक गोष्ट तिने बरोब्बर पकडली. "म्हणजे अनोळखी हातांनी डोक्याला चोळलं, तरी तो चावला नाही?"

"नाही."

"दॅट ऑल्सो, यू राइट इन द रिपोर्ट."

दुसऱ्या दिवशी खात्याची माणसं क्लिनिकमध्ये आली. काकूंनी पिशवीवरून हात फिरवला आणि मालवणीत त्याला बरंच काही बजावलं. उंदीर वेळेवर खा, यातलंच असणार. संस्थेने बाळूला महिनाभर वेगळं ठेवून तपासलं. एकदा कात टाकल्यावर उरलीसुरली हळदही गेली. नितीनला कडक समज मिळाली, आपणहून कळवल्यामुळे पुढचं काही झालं नाही. पास राहिला, नोकरी राहिली.

पुढच्या वर्षी काकू पुन्हा सिंगापूरला आल्या, तेव्हा मला फोन करून त्या संस्थेत घेऊन गेल्या. शाळेची पोरं बाळूभोवती रांग लावून बसली होती आणि एकेक बोट त्याच्या पाठीवरून फिरवत होती. त्याला धरायला आता दोन माणसं लागत होती. 'मोठा होत नाही' असं नितीनने सांगितलेला हाच तो.

"केवढा थोराड झाला बघा!" काकू म्हणाल्या. "मानवलं त्याला इथलं."

साप पाळायचा मोह झालाच, तर तो किती लांब होईल हे विकणाऱ्याला विचारू नका आणि चालेल का हे जनावरांच्या डॉक्टरला विचारू नका. आधी कायदा वाचा, तो फुकट असतो. डॉक्टर होणाऱ्यांसाठी एवढंच: आधी काचपट्टी, मग फोन.