माझंच पाणी राहिलं होतं

नमस्कार. या सदराचा मी जुना वाचक, पण लिहितोय पहिल्यांदाच. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे चुका होणार... संपादक साहेब सुधारून घेतील, त्यांचे आधीच आभार मानतो. एक विनंती - नावं मी बदलली आहेत. आमच्या भागातलं कुणी वाचत असेल तर कोण कुणाचा ते शोधत बसू नका. मला अजून तिकडे जावं-यावं लागतं.

भूतखेत मी कधी मानलं नाही. आमचं घर मेंढरांचं. लहानपणी ज्या रानांत मेंढरं बसवायचो, त्यातली कितीतरी मसणवाट्याला लागून. तिथंच झोपलो, तिथंच भाकर खाल्ली, कधी काही दिसलं नाही. कुणाच्या अंगात आलं की मला हसू आवरायचं नाही. आणि आता जे सांगतो त्याला भूत म्हणावं का, हेही मला ठरवता येत नाही. कारण ज्याच्याबद्दल सांगतोय तो मेलेला नव्हता.

आमची वस्ती अंबड तालुक्यात, वडीगोद्रीहून पायी जाण्यासारखी. उत्तम माझ्याच वयाचा, दोघांची मेंढरं एकत्रच हिंडायची. त्याची हाक सगळ्या शिवारात निराळी होती - आधी जीभ टाळूला लावून टक टक, मग शेवटी लांबवत नेलेला ‘हुर्रर्र’. ती ऐकली की माझ्याही मेंढ्या मला सोडून त्याच्याकडे वळायच्या.

पुढे दुष्काळात आमच्याकडे बोअर पाडणाऱ्या गाड्या फिरू लागल्या, पार तामिळनाडूकडच्या. त्यांना पाईप उचलायला पोरं लागायची. उत्तमचं नुकतंच लग्न झालं होतं. घरी आई - गयामाय, बायको रुख्मिण, धाकटा भाऊ सुदाम. ‘उन्हाळ्यापस्तोर येतो’ म्हणून तो गाडीवर चढला, तो आलाच नाही. मीही नंतर पोट भरायला हैदराबाद गाठलं. तेव्हा आमच्या वस्तीवर फोन कसला... मला गावचं काही कळायचं नाही आणि गावाला माझं.

आताची पोरं पाठीला सॅक लावून शहरं बघत फिरतात. मीही हैदराबाद तसंच बघितलं म्हणा ना. फक्त माझ्या पाठीवर घोंगड्या होत्या. बेगम बाजारातल्या एका व्यापाऱ्याकडून गठ्ठा उचलायचा अन् दिवसभर चालायचं - अफजलगंज, कोठी, चारमिनार, लकडी का पूल. घ्यायचे ते वॉचमन, ट्रकवाले. घोंगडी माझ्या घरात जन्मापासून, पण इथं दुसऱ्यांनी विणलेली विकत होतो. दिवसात माझ्याशी कुणी धड बोलायचं नाही. ‘नक्को’ हा एकच शब्द सगळीकडे.

१९९८ चा हिवाळा. अफजलगंजच्या गर्दीतून चाललो होतो. रिक्षांचे हॉर्न, हमालांची ओरड, अन् त्यात मागून आवाज आला - टक टक, टक टक, हुर्रर्र...

मी गर्रकन वळलो.

“वळलास का न्हाई मेंढरावानी?” उत्तम पोट धरून हसत होता.

बोअरच्या पाईपात त्याची उजव्या हाताची बोटं गेली होती. गाडीवाल्यांनी त्याला तसाच वाटेत उतरवून दिला. फिरत फिरत तो इथं आला आणि एका लाकडाच्या वखारीत लागला. मी त्या दिवसांत तापानं फणफणलेला, गोदामाच्या फरशीवर झोपायचो. त्यानं मला उचलून आपल्या खोलीवर नेलं. तुटक्या हातानं ज्वारीची भाकर थापून खाऊ घातली. त्या शहरात ‘जेवलास का’ असं मला विचारणारा तो पहिला माणूस. हे उपकार मी विसरणार नाही, म्हणूनच हे लिहितोय.

हे मुद्दाम सांगतो, की तिथं त्याला सगळे बघत होते. वखारीचा मालक त्याला दिवसातून दहा वेळा शिव्या द्यायचा. शेजारची बाई त्याच्याकडे किल्ली ठेवून जायची. तो तुमच्या-माझ्यासारखा माणूस होता. त्याच्या अंगाला भुशाचा वास यायचा.

घरी का जात नाहीस, विचारलं तर आधी चूल फुंकत राहिला. मग म्हणाला, मागच्या वर्षी आपल्याकडचे दोघं बेगम बाजारात दिसले, बियाण्याच्या कामानं आले असतील. मी नावानं हाका मारल्या, पार पुढ्यात जाऊन उभा राहिलो. खांबाला वळसा घालावा तसे बाजूनं निघून गेले.

“समदे रागावलेत मह्यावर,” तो म्हणाला. “इतकी वर्सं ना कागद, ना निरोप. मायला तोंड कसं दाखवू?”

मी म्हणालो, मी येतो बरोबर. आई कधी रागावून राहते का... पुढं काय होणार ते मला कुठं माहीत होतं.

रेल्वेत टीसीनं त्याचं तिकीट बघितलं. परभणीला एका म्हाताऱ्यानं त्याला सरकायला लावून जागा घेतली अन् जालन्यापर्यंत त्याच्याशी तुरीच्या भावावर बोलत राहिला. जालन्याहून एसटी. वडीगोद्रीला उतरलो तर फाट्यावरचा हॉटेलवाला, आम्हा दोघांनाही लहानपणापासून ओळखणारा, गल्ल्यावरून ओरडला, “काय भगवान, एकलाच आला का?”

मला वाटलं टोमणा मारतोय. मी म्हणालो, दिसत नाही का, कोण आलंय ते? तो माझ्या पाठीमागं बघून हसला. म्हणाला, हैदराबादेत ताडी लई सस्ती हाये वाटतं.

उत्तम निघाला. वस्तीपर्यंत माझ्या मागं मागं चालत राहिला. वाटेत भेटणारा प्रत्येक जण मला रामराम करत होता. फक्त मला.

घरापुढं गयामाय सुपात ज्वारी पाखडत बसली होती. ओट्यावर रुख्मिण हात पुढं करून बसलेली आणि टेंभुर्णीकडची एक कासारीण तिला बांगड्या भरत होती. हिरव्या. मी मनात म्हणालो, बघ, बायको अजून तुझ्या नावाचा चुडा भरतीय.

उत्तम पुढं गेला. आईसमोर उकिडवा बसला. “माय, आलो म्या.”

सूप थांबलं नाही. गयामाय त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, “भगवान का? ये रं बाबा. लई वाळलास.” त्यानं वाकून तिच्या पायावर हात ठेवला. तिनं पाय मागं ओढला अन् माशी बसल्यासारखं तिथं खाजवलं.

उत्तम उठला, ओट्याच्या पायरीवर जाऊन बसला. कासारीण टोपलीतली दुसरी माळ काढायला वळली आणि सहज म्हणाली, “दादा, पाय घ्या जरा. काच हाये.”

त्यानं पाय घेतले.

रुख्मिणचा हात कासारणीच्या हातात तसाच ताठ झाला. कासारणीनं एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, “घरात दोन पाव्हणे आलेत, पानी तरी द्या गं बाई कुनी.”

दारात सुदाम येऊन उभा होता. तो म्हणाला, “एकच पाव्हना हाये.”

दुसरा हात भरायचा राहिला होता, तो तसाच सोडून कासारणीनं टोपली उचलली आणि गेली.

मग गयामायनंच मला सगळं सांगितलं, ज्वारी पाखडता पाखडता. कर्नाटकात बोअरची गाडी उलटली, त्यात आपल्याकडचा एक पोरगा गेला, अशी बातमी आली होती. रुख्मिण तरणीताठी, तिला घरात ठेवायची तर सुदामशी पाट लावायला पाहिजे. आणि पाट लावायचा तर आधी थोरल्याचं दहावं व्हायला पाहिजे. मग भावकीनं पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला उत्तमचा सदरा घातला आणि जाळला. शहागडला गोदावरीवर दहावं झालं. सगळ्या वस्तीनं, फाट्यावरच्यांनीही, एकेक ओंजळ पाणी सोडलं.

“तू तेवढा नव्हतास,” ती म्हणाली. “त्येचा जोडीदार तू. मह्या सपनात येऊन ऱ्हातो रं. त्येला तुझंच पानी राह्यलंय.”

उत्तम पायरीवर बसून हे सगळं ऐकत होता.

सुदामनं मला गोठ्यामागं नेलं. उद्या शहागडला जाऊ, पाणी देऊन टाक, एवढंच त्याचं म्हणणं. मी त्याचं बखोट धरलं अन् विचारलं, “खरं सांग, तुला दिसून राह्यला का न्हाई तो?”

“कोन?” सुदाम म्हणाला.

पण हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या डाव्या बाजूला बघत होता. तिथं उत्तम उभा होता. मग सुदाम खाली बघत म्हणाला, “माहा संसार हाये आता, भगवानदादा. दोन लेकरं हायेत.”

त्याला दिसत होतं की नव्हतं... या एका गोष्टीवर मी वर्षानुवर्षं डोकं फोडून घेतलंय. सुदामचं, रुख्मिणचं मी समजू शकतो. त्यांना बघायचंच नव्हतं असं म्हणता येईल. हॉटेलवाल्याचंही म्हणू, भावकीची भीड. पण गयामाय? ती ढोंग करेल? पोटच्या पोराचा हात माशीसारखा झटकेल? तिच्या डोळ्यांत बिलकुल काही नव्हतं हो. मी बराबर बघितलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं शहागडला गेलो. गयामाय, सुदाम, मी. उत्तमही आला. मागच्या फाळक्याला लोंबकळत. कुणी त्याला जागा केली नाही. मी वाटभर ठरवत होतो की पाणी सोडायचं नाही. नदीत उभा राहूनच सगळ्यांना खडसावायचं - तुमचं माणूस जितं आहे, डोळे उघडा.

घाटावर भटजींनी माझ्या ओंजळीत पाणी दिलं, तीळ टाकले. गयामाय लुगडं खोचून पाण्यात उतरली होती. थंडीनं लटलट कापत होती. तिच्या अगदी शेजारी, गुडघाभर पाण्यात उत्तम. ती हात जोडून समोरच्या पाण्याला सांगत होती, “लई फिरलास रं लेका. आता सूट. उपाशी हिंडू नको.”

उत्तम तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्याकडे वळला.

“दे,” तो म्हणाला.

मी मान हलवली. न्हाई म्हणालो. भटजी चमकले, त्यांना वाटलं मी त्यांनाच बोलतोय.

“दे म्हन्तो ना. ती थंडीत उभी हाये. तू देस्तोर ती भाईर यायची न्हाई.”

मी बोटं सैल केली.

पाणी गेलं. तीळ थोडा वेळ हाताला चिकटून राहिले, मग तेही गेले. मी वर बघितलं तेव्हा नदीत गयामाय एकटीच होती. काठावर त्याच्या रबरी चपला मात्र दिसत होत्या. म्हातारीला हात देऊन बाहेर काढली आणि परत बघितलं, तर चपला नव्हत्या. सुदाम जीपवाल्याला हाका मारत होता, चल म्हणे जल्दी.

त्या दिवशी सुदामकडे गोड जेवण होतं. मी जेवलो नाही.

हैदराबादला आल्या आल्या वखारीत गेलो. मालक उलट माझ्यावरच तापला. क्या मियाँ, म्हणे, वो तुम्हारे सामने से लकड़ी उठाके गया, सलाम भी किया, तुम मुँह फेर लिए. मी वखारीत वेड्यासारखा शोधत फिरलो. लाकडं उचलली जात होती, करवत चालू होती. हमालांची तोंडं एकेक करून बघितली. त्यात तो नव्हता. मालक म्हणत होता, आहे. पुढं वखार तिथून हलली आणि तेही दार बंद झालं.

त्यानंतरही मी याच शहरात राहिलो. आता गठ्ठा उचलत नाही, एका अपार्टमेंटचा वॉचमन आहे. मालकांची कृपा, खोली दिलीय. मध्यंतरी गावाहून निरोप आला, गयामाय गेली. मी दहाव्याला गेलो नाही. मला एकच काळजी लागली, हे उत्तमला कोण सांगणार? सुदाम सांगणार नाही. मी सांगायचं तर कुणाला, कुठं?

एक दिवस दुपारी मोअज्जम जाही मार्केटपाशी चाललो होतो. सीताफळं विकणारी एक बाई मला हटकून म्हणाली, “ओ भय्या, बहरे है क्या? कब से पुकार रै वो तुमको. जीभ से टक टक कर रै.”

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिनं हात केला त्या बाजूला वळलो. तिथं नुसती भिंत. पण अशी संधी परत मिळणार नाही म्हणून मी त्या भिंतीला बोललो, भर रस्त्यात, “उत्तम... माय गेली रे. शांत गेली. तुला इचारत व्हती.”

शेवटचं खोटं होतं. बाई माझ्याकडे टक लावून बघत होती.

“उधर कैकू देख रै?” ती हळूच म्हणाली. “तुम बोले, वैसाच बैठ गया वो. नीचे देखो.”

मी खाली बघितलं. फुटपाथ होता.

हे कसं झालं, मला आजपर्यंत उमगलेलं नाही. ओंजळभर पाण्यानं जिता माणूस पुसला जातो का? अन् जातो, तर फक्त आपल्याच माणसांच्या डोळ्यांतून का? इथं शिकलेले वाचक पुष्कळ आहेत, कुणाला ठाऊक असेल तर उपकार होतील. आठवड्याची सुट्टी असली की मी त्या भिंतीपाशी जातो. उभ्यानं बोलत नाही आता. खाली बसूनच बोलतो.