लावणीतली कणकण

आमच्या उपकेंद्रात मावशी आल्या, की आधी माझं डोकं धरून आपल्या छातीशी न्यायच्या. "ऐका शिस्टर, वाजतंय न्हवं?" हृदयात बसवलेली धातूची झडप टिकटिक करायची आणि मावशींचा चेहरा नवी बांगडी दाखवावी तसा खुलायचा.

ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांनी कधी चुकवली नाही. उलट मलाच दम द्यायच्या, "तुमी घेतली का बीपीची गोळी?" अशा बाईला काय शिकवणार, सांगा! एकच गोष्ट मी त्यांच्याकडून घोकून घेतली होती. अंग जरा जरी तापलं तरी लगेच यायचं. जंतू झडपेवर बसले तर जीवावर बेतेल.

पण मावळात भातलावणीच्या दिवसांतल्या तापाला कुणी ताप म्हणत नाही. दिवसभर चिखलात वाकून अंग मोडतं, पायाच्या बोटांत चिखल्या होतात. त्यांत मेंदी भरायची आणि सकाळी पुन्हा खाचरात उतरायचं. त्यात आमच्याकडे सावड. आज सगळ्याजणी मिळून एकीचं खाचर लावायचं, उद्या दुसरीचं. मावशींचं खाचर सगळ्यांत आधी लावून झालं होतं. मग त्या घरी कशा बसणार?

मी बांधावरून ओरडून विचारलं, "मावशी, तापबिप नाही ना?"

"न्हाई वो! लावणीची कणकण हाय. त्यो काय ताप हाय व्हय?"

शेवटचं खाचर लावून झालं तेव्हा त्यांना चार पावलं चालवेना. धापा टाकत होत्या. मी जीपमध्ये घालून पुण्याला नेलं. जंतूंनी झडप धरली होती. डॉक्टर म्हणाले, चिखल्यांतून शिरले असावेत. इंजेक्शनांनी भागेना, तेव्हा झडप पुन्हा बदलायचं ठरलं.

मावशींचा मुलगा रडकुंडीला आला. "आये, परत छाती फाडत्यात. घरी चल."

"घरी काय मराया येऊ?" मावशी उठून बसल्या. "डागदर, करा तुमी. मला जगायचंय. लय जगायचंय."

त्या ऑपरेशनमधून शुद्धीवर आल्याच नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्या रागातच मी ढसाढसा रडले.

भात पिकलं. मुलगा विळा घेऊन आला आणि बांधावरच बसून राहिला. "आयनं लावलंय ह्ये," एवढंच मला म्हणाला. त्याचा हात चालेना.

तेवढ्यात वाडीतल्या बायका आल्या. ज्यांच्या खाचरांत मावशी ताप अंगावर काढून वाकल्या होत्या, त्या सगळ्या. पदर खोचून त्या ओळीनं भातात उतरल्या. त्यांतली थोरली मागं वळून म्हणाली, "ऊठ रं लेकरा. आज तुज्या आयचं खाचर हाय."