माझी जागा, सोळा हजार

डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन आता लांबवू नका, दोन महिने विश्रांती लागेल. मी म्हटलं, बरं. आणि घरी येऊन चाळीस डब्यांची भाजी चिरायला बसले. स्नेहलतागंजात माझी मेस आहे, पुण्या-नागपुराकडून इथे हिंदी मुलखात नोकरीला आलेली मुलं जेवतात. ती दोन महिने सांभाळणार कोण?

पोळ्या लाटणाऱ्या बाईने गौतमपुऱ्याहून आपली बहीण आणली. चुणचुणीत होती. मी कामं सांगत गेले. पहाटे मंडीतून भाजी आणायची, वरणाचं मीठ बघायचं, "काकू, आज पुन्हा दुधी?" हे हसून ऐकायचं, गॅसवाल्याशी भांडायचं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "काकीजी, सोलह हजार से कम नी होगा."

"सोळा? अगं, बाई आहेस की कलेक्टर?"

"तो आप कितने में करते हो?"

आता काय सांगू! पोळीवालीला पगार, भांडीवालीला पगार, डबे पोचवणाऱ्या भियाला पगार. मी मात्र उरेल त्यातून घरचा किराणा भरायचा आणि म्हणायचं, चाललंय छान.

मुलाला विचारलं तर हसला. "आई, तू मालकीण. मालकिणीला कसला पगार?"

"मग मालकीण गुडघा करून घेईल तेव्हा तिचं काम फुकट कोण करणार?"

त्या दिवशी कागद घेऊन बसले तेव्हा घोळ कळला. डब्याचा भाव ठरवताना मी तेल धरलं होतं, गॅस धरला होता, डब्यांना बांधायचे रबरसुद्धा धरले होते. फक्त स्वतःला धरलं नव्हतं. म्हणजे मी फुकट, म्हणून डबा स्वस्त, आणि माझ्या जागी माणूस ठेवायला पैसा नाही. वा रे मालकीण!

डब्यामागे महिन्याचे साडेचारशे वाढवले. एका मुलाने विचारलं, "काकू, तेल महागलं का?"

"नाही रे, मी महागले."

दोघे सोडून गेले. बाकीच्यांनी कुरकुरत दिले. ऑपरेशनची तारीख घेतली.

तर एवढ्या वर्षांनी माझा पगार एकदाचा ठरला, आणि पहिल्याच महिन्यापासून तो गौतमपुऱ्याची बाई घेऊ लागली. मी पलंगावर पाय वर करून पडलेली. परवा विचारत होती, "काकीजी, इतवार की छुट्टी तो रहेगी ना?"

रविवारची सुट्टी! हे तर मी धरलंच नव्हतं.