त्रिसरणानंतरचं आमेन

आज बाबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली आणि वितळत्या मेणाच्या वासासरशी जालन्याचं ख्रिस्ती कब्रस्तान आठवलं. बाबांचे जिवलग मित्र सॅम्युएलकाका यांना नुकतीच मूठमाती दिली होती. ओल्या मातीवर मेणबत्ती लावून बाबा घुटमळले.

"वहिनी, तुमची प्रार्थना मला येत न्हाई."

"येतं ते म्हणा, भाऊजी," काकू म्हणाल्या. "तुमचा आवाज त्यांना बराबर ओळखू येईल."

बाबांनी हात जोडून त्रिसरण म्हटलं. ते संपल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "आमेन." मला तेव्हा हसू आलं होतं, बुद्धवंदनेत आमेन कुठं असतं?

आज घरात मी एकटीच. त्रिसरण संपलं तरी हात जोडून तशीच बसून राहिले. मागून कुणी आमेन म्हणालं नाही.